कामरगावच्या कॅसेटची दुसरी बाजू

बुधवारी सकाळी संघदीप पट्टेबहादूर पाटणी चौकामागच्या पिठाच्या चक्कीशेजारचा जिना चढला, तेव्हा त्याचं डोकं तापलेलं होतं. ठाण्यातला हवालदार ओळखीचा होता, तरी हसला होता. “गाणं चोरीले गेलं म्हनता, अन् कॅसेट तर तुमच्या हातातच आहे,” असं म्हणून त्याने पुढच्या माणसाला हाक मारली होती.

जिन्याच्या टोकाला पाटी होती : नमरा मिर्झा, खासगी तपास. खालच्या चक्कीच्या घरघरीने टेबलावरचा कप थरथरत होता. कपामागे बसलेली बाई चाळिशीच्या आतबाहेरची होती. लग्नाआधीच्या चौकशा आणि विम्याचे दावे ही तिची रोजची कामं.

“बसा भाऊ. तुम्ही गुरांच्या दवाखान्यात असता ना? आमच्या बकरीचा पाय तुम्हीच बांधला होता.”

संघदीपला नेमकं हेच नको होतं. गेली वीस वर्षं सारं वाशीम त्याला पट्टीबंधक म्हणून ओळखत होतं. त्याआधी तो ‘ढेकूळ’चा गायक होता, हे आता सांगावं लागत होतं.

“ढेकूळ?” नमराने विचारलं.

“आमचा बँड. रॉक म्हंजे दगड. आपल्या काळ्या रानात दगड कुठचे, ढेकळंच. म्हनून ढेकूळ. मी गायचो, गिटार वाजवायचो. ड्रमवर निजामुद्दीन. बेस गिटारवर प्रसेनजित.”

“ते जयंतीच्या मिरवणुकीत वाजायचं ते...”

“ते सोडा,” संघदीप तोडून म्हणाला. “ती कंपनीची कॅसेट. तिच्यात त्यांनी आमच्या डोक्यावर ढोलकी बसवली, गिटार कापली. लोकायले तेवढंच ठावूक आहे. खरं ढेकूळ तिच्यात नाहीच.”

खरं ढेकूळ होतं ते तीन घरगुती कॅसेटींवर. एक केनवडच्या बाजारात रेकॉर्ड करून भरलेली, एक आसेगावच्या शाळेत, आणि शेवटची, १९९९ सालची, कामरगावच्या सरकीच्या गोदामात. या तीन कॅसेटी बाजारात कधी गेल्या नाहीत. आता पुण्याचा एक लेखक छोट्या गावांतल्या बँडवर पुस्तक करत होता. त्याला या तीनच कॅसेटी हव्या होत्या. रविवारी तो येणार होता. संघदीपने सहा महिने खपून एका वहीत प्रत्येक गाण्याची माहिती लिहून काढली होती : कुठे भरलं, किती मिनिटांचं, कोणी काय वाजवलं, कोणी लिहिलं. शब्दही लिहिले होते.

“अन् काल रात... काल दुपारी,” तो रागाने अडखळला, “कामरगावची कॅसेट लावली. दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं गायब. सारं साफ. आमचं सगळ्यात चांगलं गाणं होतं ते. ‘अर्धी सावली’. त्याची दुसरी प्रत नाही.”

नमराने कॅसेट हातात घेऊन उलटसुलट केली. “हे वरचे दोन चौकोन तुटलेले आहेत.”

“मीच तोडले, त्याच वर्षी. ते तोडले की तिच्यावर पुन्हा भरता येत नाही.”

“म्हणजे चुकून पुसली गेली, असं होणार नाही. कोणीतरी ती भोकं आधी बुजवली.” तिने एका भोकाच्या कडेवरून नख फिरवलं. “इथे चिकटपट्टीचा डिंक आहे अजून. कॅसेट तुमच्याकडेच होती?”

नव्हती. फेब्रुवारीत संघदीपने तिन्ही कॅसेटी आणि वही एका डब्यात घालून फिरायला पाठवली होती. ज्याला जे आठवेल ते त्याने वहीत लिहावं, अशी कल्पना होती. आधी आठवडाभर वाशीमलाच निजामुद्दीनकडे. मग आठवडाभर कामरगावला मोहनसिंगकडे, ज्याने ही सगळी गाणी भरली होती. मग आसेगावला खेमाकडे. प्रसेनजित २००३ साली काविळीने गेला. खेमा त्याची बायको. तिच्याकडून मार्चअखेर डबा परत आला.

“वहीत काय लिहिलं त्यांनी?”

“काहीच नाही. तिघांनीही कोरी धाडली. असे लोक आहेत.”

नमराने खणातून जुना वॉकमन काढला, इअरफोन कानात घातले, कॅसेट लावली आणि डोळे मिटले. संघदीप खुर्चीत चुळबुळत बसला. तिने घड्याळ पाहत दोनदा कागदावर काहीतरी लिहिलं.

“तुम्हाला यात काही ऐकू आलं?”

“साफ आहे म्हनलं ना.”

“तुमचे कान कसे आहेत?”

“वाजतात,” तो नाखुशीने म्हणाला. “सतत शिटीसारखं. निजामच्या झांजांजवळ बारा वर्षं उभा होतो.”

“मग सांगते. ही शांतता साफ नाहीये. ज्या यंत्रावर पुसली, त्याला स्वतःचा माइक होता. जुन्या रेडिओ-टेपला असतो तसा. त्याने खोलीतला आवाज भरून घेतला. खोली फार शांत आहे. गाडी नाही, भोंगा नाही. दोन मिनिटांनी एक ठण्ण आवाज येतो, पत्र्यावर काही आदळल्यासारखा, आणि मग घरंगळल्यासारखं काहीतरी. पाचव्या मिनिटाला पुन्हा तसंच.”

संघदीप ताडकन उठला. “पत्रा? मंग निजामच. त्याचं कूलरचं दुकान आहे. दिवसभर पत्रा ठोकते तो.”

“बसा. अजून एक. वहीत गाणं सहा मिनिटांचं लिहिलंय. शांतता सात मिनिटं वीस सेकंदांची आहे. जास्तीच्या मिनिटात काय होतं?”

“काही नाही. गाण्याआधीची बडबड. सूर लावणं, एकमेकांले हाका मारणं. मी ते नेहमी पुढे ढकलूनच गाणं ऐकत आलो.”

“आणि गाण्यानंतर?”

“मोहनसिंग ‘झालं’ म्हनते. ते आहे तसंच.”

नमराने वहीचं शेवटचं पान काढलं. वर लिहिलं होतं : गीत-संगीत, संघदीप. खाली शब्द. तिने ते मोठ्याने वाचले.

“‘डोईवर ऊन घेऊन दूर मी आलो, अर्धी सावली तुझी, तिचंच घर झाले.’ भाऊ, तुमच्या बाकी ओळींत यमक अगदी चोख आहे. इथेच ‘आलो’ आणि ‘झाले’ कसं?”

“रॉकमध्ये यमक नसलं तरी चालते,” संघदीप म्हणाला. चोर पकडायचा सोडून ही बाई कविता तपासत बसली होती.

*

निजामुद्दीनचं दुकान चौकात होतं. समोर ऑटो, मागे बसगाड्या, मध्ये कूलरच्या पत्र्यावर पडणारा त्याचा हातोडा. दोन वाक्यं बोलायची तर मध्ये तीनदा थांबावं लागत होतं.

संघदीपने सलाम-दुवा न करताच विचारलं, “काहून पुसलं बे तू ते गाणं?”

निजामुद्दीनने हातोडा खाली ठेवला. साठीजवळ आलेला, दाढी पांढरी झालेला माणूस. त्याने संघदीपकडे न पाहता नमराला स्टूल दिलं. “ये आदमी पहलेसेच असा आहे, बहेनजी. आदी ठरवते, मंग विचारते.”

“तुम्ही कॅसेट ऐकली होती?” नमराने विचारलं.

“सारी ऐकली. घरी, जुम्म्याच्या दिवशी. शेवटपर्यंत. शेवटचं गाणं होतं तवा. मी दोनदा ऐकलं.”

“कशावर ऐकली?”

“माझ्या जुन्या टेपवर. घर इथंच आहे, दुकानाच्या वर.” त्याने बोटाने दाखवलं. वरच्या खिडकीखालून एक बस भोंगा वाजवत गेली.

“वहीत काही लिहिलं नाही तुम्ही.”

निजामुद्दीनने पाना उचलला, पुन्हा ठेवला. “याने लिवलं ना सारं. हे माझं, ते माझं. मंग मी काय लिवू?” मग संघदीपकडे पाहून म्हणाला, “त्या गान्याच्या वेळी तर तुले सूरही लागत नव्हता. लय खालचा होता. प्रसेनजित म्हने, असाच पायजे, अन् तू तक्रार करून राह्यला होता.”

“आवाज बसला होता माझा.”

“हो. तुझा आवाजच बसलेला असते नेहमी.”

बाहेर आल्यावर संघदीप म्हणाला, “पाहिलं? कबूल तर करत नाही, वरून टोमणे मारते. पत्र्याचा आवाज तुमी स्वतः ऐकला ना इथं?”

“ऐकला. बसचाही ऐकला,” नमरा म्हणाली आणि गाडीची किल्ली काढली.

*

कामरगावला पोचायला पुढच्या दिवसाचे अकरा वाजले. नमराच्या जुन्या गाडीची काच वर होत नव्हती. एप्रिलचं वारं तोंडावर भाजत होतं. वाटेत पुण्याच्या लेखकाचा फोन आला. संघदीपने त्याला “सारं तयार आहे” म्हणून सांगितलं आणि फोन ठेवल्यावर स्वतःवरच चरफडला.

मोहनसिंगचं घर जीपच्या थांब्याला लागून, स्लॅबचं. दाराशी जीपवाले प्रवासी ओरडून बोलावत होते. मोहनसिंग गुडघ्यांवर तेल चोळत खाटेवर बसला होता. लग्नाकार्यात लावायचे भोंगे आणि स्पीकरचे डबे मागच्या खोलीत रचलेले होते.

“मी त्या कॅसेटी ऐकल्याच नाहीत, संघदीपभाऊ. राग नका मानू. टेपची मशीन मी भंगारात देल्ली, दहा वर्सं झाली. आता सारं पोराच्या लॅपटॉपात. डबा जसा आला तसाच आठ दिवसांनी आसेगावच्या जीपमध्ये ठेवून देल्ला.”

नमराने मागच्या खोलीत डोकावून पाहिलं. कॅसेटचं एकही यंत्र नव्हतं.

“त्या दिवसाचं काही आठवतं? गोदामातलं?”

मोहनसिंग हसला. “आठवत नाही कसं? लाइट गेली होती, जनरेटरवर भरलं. शेवटचं गाणं तर मी टॉर्च धरून भरलं. एका हातात टॉर्च, एका हातात बटन.”

“टॉर्च कशाला?”

“या भाऊच्या हातात कागद होता ना. शब्द दिसत नव्हते त्याले. शाळेच्या वहीचं पान. अक्षर मात्र असं गोल, देखनं. मले वाटलं होतं कोन्या गुरुजीनं लिवून देलं. प्रसेनजितचं अक्षर तर त्याचं त्यालेच वाचता येत नसे.”

“नवं गाणं होतं,” संघदीप म्हणाला. “पाठ नव्हतं झालं.”

“स्वतः केलेलं?” नमराने विचारलं.

“होते असं.” त्याला या बाईची आता चीड येऊ लागली होती. गाणं कोणी पुसलं ते शोधायचं सोडून ती गाणं कसं गायलं ते विचारत होती. टॉर्च आणि कागद. रविवार तीन दिवसांवर आला होता.

नमराने मोहनसिंगला एकच आणखी विचारलं, “गाण्याआधी काय बोलणं झालं होतं, ते आठवतं?”

“जनरेटर बाहेर होता, मी कानात कापूस घातला होता. नाही बुवा.”

*

आसेगावला खेमाच्या अंगणात गाडी थांबली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. गावाबाहेरचं टोकाचं घर. इतकं शांत, की संघदीपला आपल्या कानातली शिटी मोठी झाल्यासारखी वाटली. टिनाच्या छपरावर कवठाचं मोठं झाड झुकलेलं होतं. झाडावर फळ राहिलं नव्हतं. टिनांना जागोजाग पोचे पडलेले, आणि अंगणाच्या कोपऱ्यात फुटक्या करवंट्या झाडून ठेवलेल्या.

“जय भीम, वयनी.”

“जय भीम, भाऊजी. या.” खेमा दारातच खाटेवर बसून अंगणवाडीचं रजिस्टर भरत होती. पन्नाशीची, काटकुळी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. तिने रजिस्टर उघडंच बाजूला ठेवलं आणि पाणी आणलं. “लाइट नाही सकाळपासून. इथंच बसा सावलीत.”

संघदीपने तिला सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तिने चटणीच्या वाट्या पुढे केल्या. नमराने एका वाटीतली चटणी चाखली.

“कवठाची? छान झालीय.”

“यंदा लय लागली होती. फेब्रुवारीपासून पडून राह्यली. खायले घरात कोनी नाही, वाटून टाकली.”

“तुम्ही ती कॅसेट ऐकली होती, ताई?”

“नाही. घरात टेप आहे, पन तो केव्हाचा बंद. ह्यांचाच होता.” तिने आत मान वळवली. फळीवर प्रसेनजितचा फोटो, आणि त्याच्याखाली विणलेल्या रुमालाने झाकलेला मोठा रेडिओ-टेप. “डबा आला तसा ठेवला. मंग धाडून देल्ला.”

“वही वाचली?”

“चाळली,” खेमा म्हणाली.

नमराची नजर रजिस्टरवर होती. पोरांची नावं, वजनं, तारखा. एकेक अक्षर गोल आणि सुटं.

संघदीपला राहवलं नाही. “वयनी, त्याच्यात प्रसेनजितही होता. त्याची बेस गिटार होती. निजामनं तुमचंही नुकसान केलं.”

“निजामभाईनं?” खेमाने चष्मा काढून पदराने पुसला. “त्याईनं काही केलं असंन, असं मले नाही वाटत.”

तेवढ्यात लाइट आली. डोक्यावरचा पंखा कुरकुरत फिरू लागला. फळीवरच्या रुमालाच्या विणीतून एक बारीक लाल ठिपका दिसू लागला. संघदीपने तो पाहिला, आणि त्याला घरच्या फ्रिजची आठवण झाली. दूध नासलं असेल.

निरोप घेऊन ते गाडीपर्यंत गेले. संघदीप दार उघडून बसलासुद्धा. “चला. आता निजामले सोडत नाही मी.”

नमरा बसली नाही. तिने गाडीच्या टपावर दोन्ही हात ठेवले होते. “भाऊ, तुम्हाला मी विचारलं पाहिजे. कोणी केलं ते ऐकायचंय, की निजामभाईंनीच केलं हे ऐकायचंय?”

“कोनी केलं ते.”

“मग परत आत चला. हे त्यांच्यासमोर बोलावं लागेल.”

*

खेमाने त्यांना परत येताना पाहिलं आणि रजिस्टर मिटलं. तिला आश्चर्य वाटल्याचं दिसलं नाही.

नमरा खाटेसमोर जमिनीवरच बसली. “ताई, चुकलं तर मला थांबवा.” मग ती संघदीपकडे वळली. “कॅसेट तिघांच्या घरी गेली. मोहनसिंगकडे यंत्रच नाही. शिवाय त्यांच्या घराला स्लॅब, आणि दाराशी जीपवाले. निजामभाईंच्या दुकानात पत्रा आहे, पण तिथे सात मिनिटं काय, सात सेकंद शांतता नसते. आणि हातोड्याच्या आवाजानंतर काही घरंगळत नाही. पत्र्यावर वरून पडून मग घरंगळत खाली येतं, ते फळ. फेब्रुवारी-मार्चमध्ये, शांत घरात, टिनावर.”

संघदीपने वर पाहिलं. पोचे त्याने मघाशीही पाहिले होते.

“टेप बंद आहे म्हणाल्या त्या. पण लाइट आल्याबरोबर त्याचा दिवा लागला. बंद पडलेल्या वस्तूची वायर कोणी प्लगमध्ये ठेवत नाही.”

“वयनी?” संघदीप म्हणाला.

खेमाने मिटलेलं रजिस्टर मांडीवर ओढून घेतलं.

“आता काहून, ते,” नमरा पुढे म्हणाली. “रागाने कोणी केलं असतं, तर सगळी कॅसेट चुलीत घातली असती. इथे मागचं गाणं जसंच्या तसं आहे, पुढचं ‘झालं’सुद्धा आहे. मोजून एक तुकडा काढलाय. आणि गाण्याआधीची बडबडही काढलीय. गाणं नको असलेल्या माणसाला त्या बडबडीचं काय? मी विचार करत राहिले, त्यात काय असेल. तुम्हाला विचारलं. तुम्ही म्हणालात, मी ती पुढे ढकलतो. सव्वीस वर्षं ढकलत आलात.”

“त्यात काही नव्हतं.”

“तुमच्या हातात कागद होता. स्वतः लिहिलेलं गाणं टॉर्चच्या उजेडात वाचायची वेळ येत नाही. सूर तुमच्या गळ्याचा नव्हता, तो खालच्या आवाजाच्या माणसाने बांधला होता. म्हणजे चाल प्रसेनजितची. पण कागदावरचं अक्षर गोल, देखणं. ते प्रसेनजितचं नव्हतं.” तिने रजिस्टरकडे बोट केलं नाही, नुसतं पाहिलं. “आणि यमक. ‘दूर मी आलो’, ‘घर झाले’. तुम्ही पुरुष, म्हणून गाताना ‘आलो’ म्हणालात, आणि वहीतही तेच लिहिलंत. लिहिणाऱ्याने ‘दूर मी आले’ लिहिलं होतं. मग यमक चोख बसतं. डोक्यावर ऊन घेऊन दूर आलेली, नवऱ्याच्या अर्ध्या सावलीत घर मांडणारी बाई बोलतेय ते गाणं.”

पंखा फिरत होता.

“लग्नाले सहा महिने झाले होते,” खेमा म्हणाली. तिचा आवाज शांत होता, पोरांची वजनं सांगावीत तसा. “यवतमाळकडून इकडे आली मी. वहीत काहीबाही लिवत होती. ह्यांनी पाहिलं, चाल लावली. म्हने, संघदीप म्हनीन, त्याचा आवाज चांगला. मी नाही म्हनलं नाही.”

“मंग मले सांगाचं ना, वयनी. मी नाव टाकलं असतं.”

“वहीत तुमी अगोदरच नाव टाकलं होतं, भाऊजी. गीत-संगीत, दोन्ही. मी शेवटचं पान वाचलं अन् कॅसेट लावली. मले वाटलं, तिथं असंन माझं नाव. होतं. ह्यांनी घेतलं होतं. मंग मी म्हनलं, नाव इथं आहे तरी इतके वर्सं कोनाले ऐकू आलं नाही. मंग ते इथं ठेवून काय करू? आपलं आहे, आपन घेऊन घ्यावं. मोबाइलमध्ये घेतलं, अन् तिथून पुसलं. ते चोरी असंन तर असंन.”

“नाव घेतलं होतं? कोनाजवळ?”

खेमाने उठून मोबाइल आणला, बोटाने वर सरकवत राहिली, आणि त्याच्या हातात दिला. संघदीपने तो त्यातल्या त्यात बऱ्या कानाला लावला. जनरेटरची घरघर. निजामची काठी दोनदा वाजली. मग प्रसेनजितचा आवाज, इतका जवळ की त्याचे खांदे आखडले :

“मोहन, चालू आहे का? हे गानं खेमानं लिवलं बरं. माझी बायको. अजून कोनाले सांगतलं नाही तिनं. संघ्या, नीट म्हन.”

आणि त्यावर एक तरुण, घाईतला, खुशालचेंडू आवाज : “हो हो, माहीत आहे. वाजव आता.”

तो आवाज संघदीपचा स्वतःचा होता.

गाणं सुरू झालं तसा त्याने मोबाइल खाली ठेवला. पुढचं त्याला ऐकता येईना. त्याला कोणावर तरी ओरडायचं होतं. गेले दोन दिवस ते ओरडणं त्याने निजामसाठी राखून ठेवलं होतं, आणि आता ते ऐकून घ्यायला कोणी नव्हतं.

“मी मुद्दाम नाही केलं,” तो शेवटी म्हणाला. “मले खरंच वाटत होतं, माझंच आहे. कितीदा म्हनलं मनात...”

“ठावूक आहे,” खेमा म्हणाली. “मुद्दाम केलं असतं तर मी भांडली असती.”

“रविवारी तो मानूस येऊन राह्यला. हे गाणं त्याले द्या, वयनी. तुमच्या नावानं. मी सांगतो त्याले सारं.”

खेमाने मोबाइल उचलून पदराला पुसला. “देईन का नाही, ते मी ठरवीन. रविवारपर्यंत नाही ठरनार.”

संघदीपने नमराकडे पाहिलं. ती उठून साडीची धूळ झटकत होती. “तुम्ही विचारलं होतं कोणी केलं. ते सांगितलं. गाणं मिळवून देणं माझ्या हातात नाही, भाऊ.”

*

परतीच्या वाटेवर मंगरुळपीर मागे पडल्यावर संघदीपने पुण्याला फोन लावला. रविवारी येऊ नका, म्हणाला. लेखक गोंधळला. तिकीट काढलं होतं, पुस्तकाची तारीख ठरली होती. कॅसेट खराब झाली का?

“कॅसेट चांगली आहे. माझी वही चुकली. मले पहिलेपासून विचारावं लागंन.”

“किती दिवस लागतील?”

“सांगता येत नाही,” संघदीप म्हणाला. पलीकडून सुस्कारा ऐकू आला आणि फोन बंद झाला.

रात्र उलटली. शुक्रवारी त्याने दवाखान्यात सुट्टी टाकली नाही. एका गोऱ्ह्याचं खूर बांधलं, दोन बकऱ्यांना इंजेक्शन द्यायला धरलं. हात काम करत होते आणि डोक्यात एकेक गाणं उभं राहत होतं. केनवडच्या कॅसेटवरचं पहिलं. ती धून आपल्याला सुचली तेव्हा आपण कुठे होतो? त्याला कूलरचा वास आठवत होता, निजामच्या आईने दिलेला शीरखुर्मा आठवत होता. धून कोणी आधी गुणगुणली, ते आठवत नव्हतं. दुसऱ्या गाण्याचंही तेच. तिसऱ्याबद्दल त्याची कालपर्यंत खात्री होती.

दुपारची नमाज झाल्यावर तो चौकात गेला. निजामुद्दीन नुकताच दुकान उघडून पत्र्याचा तुकडा मापत होता. संघदीप काउंटरपाशी उभा राहिला. माफी कशी मागतात ते त्याला येत नव्हतं, म्हणून त्याने वही उघडून पुढे धरली.

“हे केनवडचं पहिलं. याची धून कोनाची होती?”

निजामुद्दीनने वहीकडे पाहिलं नाही. संघदीपकडे पाहिलं.

“आता विचारून राह्यला?”

“हो.”

रस्त्यावरून बस गेली. ती जाईपर्यंत निजामुद्दीन थांबला. मग त्याने पत्रा भिंतीला टेकवला, हात पुसले आणि कानामागची पेन्सिल काढून घेतली.

“बस तिकडे,” तो म्हणाला. “ते प्रसेनजितचं होतं. त्याच्या खालचं माझं आहे. वाच पुढचं.”